नाटक शिकायचंय? दिल्लीच्या 'एनएसडी'त काय शिकवतात, प्रवेश कसा मिळतो; जाणून घ्या

गणपतीत, जत्रेत, कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेज गाजवणारी पोरं प्रत्येक गावात असतात. पण नाटकाचं रीतसर शिक्षण सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्थेत, तेही शिष्यवृत्तीसह मिळतं, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. ही संस्था म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, अर्थात एनएसडी.

संस्था कोणाची?
संगीत नाटक अकादमीने 1959 मध्ये ती सुरू केली. 1975 पासून ती स्वायत्त असून खर्च केंद्राचं सांस्कृतिक मंत्रालय करतं. पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझी यांनी 1962 ते 1977 या काळात तिला शिस्त लावली. रोहिणी हट्टंगडी इथंच शिकल्या. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले वामन केंद्रे इथं शिकले आणि पुढं संचालकही झाले.

काय शिकवतात?
मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा, निवासी आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं: अभिनय, आवाज, शरीराची तयारी, नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा. नंतर अभिनय किंवा दिग्दर्शन-नेपथ्याची बाजू निवडायची. बेंगळुरू, वाराणसी, गंगटोक आणि आगरतळा इथल्या केंद्रांत एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत.

वर्षभरात काय घडतं?
विद्यार्थ्यांची नाटकं वर्षभर सुरूच असतात. 1964 पासूनची रेपर्टरी कंपनी व्यावसायिक प्रयोग करते. 1989 पासून 'संस्कार रंग टोली' मुलांसाठी काम करते. दिल्लीत उन्हाळी सुट्टीत बालनाट्य शिबिरं होतात. सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे 1999 पासूनचा भारत रंग महोत्सव. त्यात देश-विदेशातली नाटकं येतात.

प्रवेशासाठी काय लागतं?
पदवी, हिंदी-इंग्रजीची कामचलाऊ जाण आणि नाटकात प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव. आधी प्राथमिक चाचणी, मग दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा. जागा मोजक्याच, त्यामुळे चुरस मोठी.

आपली पोरं अडतात ती बहुतेक कागदावर. दहा नाटकं केलेली असतात, पण पुरावा एकाचाही नसतो. म्हणून आत्तापासूनच प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, फोटो, प्रमाणपत्र, बातमीचं कात्रण फाईलला लावा. वय आणि अनुभवाच्या नेमक्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत असतात. त्या संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः वाचा. निवड पहिल्याच झटक्यात होईल असं नाही, पण अर्ज भरलाच नाही तर दार उघडणार कसं?