प्रवेश दिला, पण हात कोणी धरला?

'लॉज' हा शब्द ऐकला की आमच्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे एस.टी. स्थानकाजवळची मुक्कामाची खोली उभी राहते. आज आम्ही ज्या लॉजाविषयी लिहिणार आहोत ते निराळे. फ्रीमेसन मंडळींच्या शाखेस लॉज म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात पूर्वी अशा इमारतीस लोक 'जादूघर' म्हणत, आणि आपल्याकडेही या संस्थेविषयी माहितीपेक्षा कुजबुजच अधिक. त्या कुजबुजीचा निवाडा करण्याचा आमचा आज हेतू नाही. आमचा प्रश्न साधा आहे: एखादी संस्था नव्या मनुष्यास आत घेते, तेव्हा त्यास शिकविण्याचे उत्तरदायित्व तिच्यावर येते की नाही?

हा प्रश्न सुचण्यास निमित्त घडले ते असे. पैठण रस्त्यावरील चितेगावचे एक तरुण व्यापारी, ज्यांचे लोखंड-सिमेंटचे दुकान आहे, काही काळापूर्वी मोठ्या उमेदीने एका लॉजाचे सदस्य झाले. चार बैठकांनंतर त्यांनी जाणे सोडले. कारण विचारता ते म्हणाले, "वकीलसाहेब, आत न्यायला तिघे आले होते; आत गेल्यावर शेजारी कोणी बसले नाही. कशाचा अर्थ काय, हे विचारावे तर 'कळेल हळूहळू' एवढेच उत्तर. वर्गणीची आठवण मात्र वेळेवर येई." या चार वाक्यांत जी तक्रार आहे ती एका लॉजाची नव्हे, आपल्या निम्म्या सार्वजनिक संस्थांची आहे.

या दाराचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिकच बोचते. माणेकजी करसेटजी हे मुंबईचे पारशी सुधारक, मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी 1863 साली अलेक्झांड्रा शाळा स्थापणारे गृहस्थ. त्यांनी मुंबईच्या गोऱ्या सदस्यांच्या लॉजात प्रवेश मागितला, तेव्हा तो नाकारण्यात आला. त्यांनी हार मानली नाही. युरोपात जाऊन पॅरिसच्या लॉजात दीक्षा घेतली. पुढे कंपनी सरकारच्या सेवेतील डॉक्टर जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने, 15 डिसेंबर 1843 रोजी, मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज एतद्देशीयांना घेण्यासाठी म्हणून उघडले. बंगाल्यात हिंदूंची वाट याहून बिकट. हिंदू मनुष्य एकेश्वर मानीत नाही, सबब त्याची शपथ ग्राह्य नाही, असा युक्तिवाद तेथील वरिष्ठांनी केला. आणि प्रसन्नकुमार दत्त यांना 1863 पासून झगडून 1872 साली दीक्षा मिळाली. नऊ वर्षे! दिवाणी दाव्याची चाल ठाऊक असलेल्या आम्हांसही हा काळ लहान वाटत नाही. पुढे 24 नोव्हेंबर 1961 रोजी भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले आणि या मंडळींतही स्वराज्य आले. ज्या दारासाठी आमच्या माणसांना इतके झगडावे लागले, त्याच दाराच्या आत आमचीच माणसे आमच्याच नव्या सदस्यास परक्यासारखे बसवीत असतील, तर गोऱ्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस कितपत उरतो?

नवल असे की, या संस्थेची सारी रचनाच उमेदवारीवर उभारलेली आहे. तिने आपल्या खुणा पाथरवटांच्या धंद्यातून घेतल्या. वेरूळचे कैलास लेणे ज्या जिल्ह्यात आहे तेथील वाचकांस ही भाषा परकी वाटू नये. पहिल्या पायरीवरचा सदस्य म्हणजे शिकाऊ, दुसरीवरचा कारागीर, तिसरीवरचा उस्ताद. शिकाऊ म्हणजे खाणीतून नुकताच निघालेला ओबडधोबड दगड. इंग्रजी पद्धतीत त्याच्या हाती तीन हत्यारे देतात: चोवीस इंची मोजपट्टी, हातोडी व छिन्नी. मोजपट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास, ज्यांची वाटणी प्रार्थना, उद्योग, विश्रांती व परोपकार यांत करावयाची. हातोडी म्हणजे सदसद्विवेकाचा जोर. छिन्नी म्हणजे शिक्षण. दोन पायऱ्यांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवण्याचा इंग्लंडच्या ग्रँड लॉजाचा नियम आहे, आणि वरच्या पायरीवर चढण्यापूर्वी सदस्यास ठरावीक प्रश्नांची उत्तरे सर्वांसमोर द्यावी लागतात. हे अंतर कशासाठी? शिकण्यासाठी. पण शिकविणारा कोणी नसेल तर ते महिने नुसते पंचांगाचे. आणि उत्तरे पाठ म्हटली म्हणून दगड घडला असे होत नाही.

ही उणीव त्या मंडळींच्याही ध्यानात आली आहे. इंग्लंडच्या लॉजांत आता 'मेंटर', म्हणजे नव्या सदस्याच्या वाटचालीवर लक्ष ठेवणारा जाणता, असे पदच निर्माण झाले आहे. उपाय योग्य, परंतु पद नेमले म्हणजे काम झाले, अशी समजूत होऊ लागली तर तेही एक शोभेचे पद होऊन बसेल.

यावर काही वडीलधारे म्हणतील, "आम्हांस कोणी शिकविले होते? जो खरा असतो तो टिकतो." हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. आमच्याच धंद्यात पाहा: सनदेने न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मिळतो, उभे कसे राहावे हे ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीतच कळते. ज्या ज्येष्ठाने नवशिक्यास नुसते कोपऱ्यात बसविले, त्याने नवशिक्याचे वर्ष घालविले आणि पक्षकाराचेही नुकसान केले. जो टिकला तो खरा, हे म्हणणे सोपे. जे गेले त्यांत किती खरे होते, याची नोंद कोणी ठेवतो काय?

आमच्या या भागास तर याहून मोठा दाखला आहे. पैठणचे एकनाथ देवगिरीस जनार्दनस्वामींकडे राहिले. स्वामींनी त्यांस हिशेबाचे काम दिले, आणि एका पैच्या चुकीसाठी नाथांनी रात्र जागविली, ही आख्यायिका प्रत्येक व्यापाऱ्यास पाठ आहे. आपण तीत शिष्याची चिकाटी तेवढी पाहतो. चूक सापडल्याच्या आनंदात नाथांनी टाळी वाजविली, तेव्हा ती ऐकावयास गुरू जवळ होते, हे मात्र विसरतो. काम सोपविणे आणि जवळ असणे, या दोहोंस मिळून मार्गदर्शन म्हणतात.

म्हणून लॉजांस आणि त्यांच्याच निमित्ताने आमच्या व्यापारी मंडळांस, वाचनालयांस व पतसंस्थांस आमच्या चार सूचना आहेत. पहिली: उमेदवाराची वर्गणी घेण्याआधी खर्च किती, वेळ किती, बांधिलकी कोणती, हे त्यास स्पष्ट सांगावे, घरच्यांना काय सांगता येईल तेही सांगावे. जी संस्था हे सांगण्यास कचरते तिच्याविषयीची कुजबुज तिनेच ओढवून घेतलेली असते. दुसरी: प्रवेशाच्याच दिवशी एक जाणता सदस्य नावानिशी नेमावा. सुचविणारा व अनुमोदक यांच्यावर हा भार आपोआप आहेच असे धरून चालू नये. सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे. तिसरी: त्या जाणत्याने बैठकीत शेजारी बसावे, बैठकीनंतर अर्थ समजावून द्यावा, आणि 'मला ठाऊक नाही, विचारून सांगतो' असे म्हणण्यास लाजू नये. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: वार्षिक अहवालात किती आले याबरोबर किती गेले आणि का गेले, हेही छापावे. व्यापारी आवक-जावक दोन्ही लिहितो. नुसती आवक लिहिणाऱ्याचे दिवाळे लवकर निघते.

लॉजांत धर्म व राजकारण यांची चर्चा वर्ज्य आहे, आणि त्यांच्या नियमित शाखांत स्त्रियांस प्रवेश नाही. या दुसऱ्या नियमाविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. त्याचा विचार पुन्हा कधी करू. आज इतकेच सांगणे आहे की, बंद दारांविरुद्ध आमच्या पूर्वजांनी लढावे तितके लढून झाले. उघडलेल्या दारातून आलेल्या मनुष्याशेजारी जाऊन बसण्यास लढाई लागत नाही. एक रिकामी खुर्ची आणि तासभर वेळ लागतो. चितेगावच्या त्या तरुण व्यापाऱ्याचे नाव त्या लॉजाच्या वहीत अद्याप असेल. त्याच्या दुकानी जाऊन "चला, या खेपेस माझ्याजवळ बसा," असे म्हणणारा एक तरी ज्येष्ठ त्या संस्थेत निघावा, अशी आमची अपेक्षा आहे.