जुना चाकू विकताय? आधी ठसा वाचा!

अमेरिकेतल्या 'केस' कंपनीचे जुने खिशातले चाकू ईबेवर लिलावात विकले जातात. पण विकणारे बरेचदा नेमकं महत्त्वाचं तेच दाखवत नाहीत.

पातं उघडा, मुठीजवळचा ठसा बघा. 1970 च्या चाकूवर नावाखाली दहा ठिपके असायचे. 1979 पर्यंत दरवर्षी एकेक कमी होत गेला. म्हणजे त्या दशकातल्या चाकूवर सात ठिपके दिसले की साल 1973. ठशाचा जवळून फोटो द्याच.

पातं घासून चकाचक करू नका. संग्राहकाला मूळ रूप हवं असतं. भाव ठरवताना मागितलेली नाही, खरोखर मिळालेली किंमत बघा. आणि खोट असेल तर आधीच लिहा. लपवलेली खोट पार्सलासकट परत येते, वर खर्च आपल्याच माथी!