‘गेनीसर’ : एका रसिकाचे कुळ

जर्मन भाषेत ‘गेनीसर’ असा एक शब्द आहे. चांगला घास, चांगले पेय, चांगले संगीत यांचा जो सावकाश, मन लावून आस्वाद घेतो, तो गेनीसर. आपण त्याला रसिक म्हणू. एखादा रागीट शेजारी ‘चैनी’ म्हणेल. शब्द ऐकताच आपल्याच ताटात रमलेला, जगाला विसरलेला एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. परंतु शब्दाचे कुळ शोधू लागलो की हे चित्र पालटते.

‘गेनीसेन’ म्हणजे आस्वाद घेणे, या क्रियापदापासून हा शब्द झाला. चौथ्या शतकात वुल्फिला याने केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात याच धातूचे क्रियापद ‘मिळवणे, लाभणे’ या अर्थाने येते, आणि मासे धरणाऱ्याला ‘नुता’ म्हटलेले आढळते. म्हणजे आरंभी येथे चव नव्हती, कष्ट होते. आधी हाती लागणे, मग वापरणे, आणि वापरता वापरता त्यात सुख मानणे, असा हा अर्थाचा प्रवास आहे. ‘उपयोग’ या अर्थाचा ‘नुत्सन’ हा शब्द याच घराण्यातला. दुसऱ्याच्या मालमत्तेचा उपभोग घेण्याच्या हक्काला जर्मन कायद्यात ‘नीसब्राउख’ म्हणतात, तोही यातलाच.

आपल्याकडे तरी निराळे काय झाले? भोजन, उपभोग आणि सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार’ ही सारी ‘भुज्’ या एकाच धातूची लेकरे. मराठी माणूस मात्र सुखाबरोबर दुःखही ‘भोगतो’.

या कुळातले सर्वांत मोलाचे भावंड म्हणजे ‘गेनोसे’. जुन्या जर्मनमध्ये ‘नोस’ म्हणजे उपयोगाचे जनावर. ज्याचे आपले गुरांचे धन सामाईक, तो गेनोसे. म्हणजे वाटेकरी, सोबती. पुढे कामगार चळवळीत ‘कॉम्रेड’साठी हाच शब्द रूढ झाला, आणि सहकारी संस्थेला ‘गेनोसनशाफ्ट’ म्हणू लागले. राइफायझेन यांनी 1864 साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. भारतात 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तेव्हा खेड्यांतील संस्थांसाठी त्यांचाच नमुना पुढे होता. आपल्या गावच्या सोसायटीचे नाते असे त्या शब्दापर्यंत पोहोचते.

रसिक आणि वाटेकरी हे एकाच घरचे आहेत, एवढे जरी आम्ही येथून घेऊन गेलो, तरी आपल्या पानातला घास शेजाऱ्याच्या पानाकडे पाहून घेऊ.