हात कामावर, मनही कामावर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आवारातल्या केळीची सुकी पाने छाटायला आम्ही कोयता हाती घेतला. हात केळीवर होता, मन मात्र फेस्ताच्या हिशेबात गुंतले होते. कोयता निसटून डाव्या बोटावर बसला आणि तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारले, "फादर, लक्ष कुठे होते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

असे लक्ष हरवणे आज पाळीत घरोघरी दिसते. आमचा शेतकरी बंधू पहाटे कुळागराला पाणी सोडतो, आठला कारखान्यात हजर होतो, संध्याकाळी पुन्हा बागेत उतरतो. भगिनी ऑफिस सांभाळून घर, गुरे आणि मुलांचा अभ्यास पाहतात. रात्री अंग टेकते, पण मन धावतच राहते. मग झोप येत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून राग येतो, आणि हत्यार व स्कूटर हाती असताना नको ते घडते.

यावर उपाय साधा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. शिकवण एवढीच: श्वासाकडे, शरीराकडे, हातातल्या कामाकडे लक्ष द्यावे, मन भरकटले तर न रागावता परत आणावे. ताण व चिंता कमी होण्यास याची मदत होते, असे पुढे अनेक अभ्यासांत आढळले. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर आंतोनी डिमेलो यांनीही १९७८ च्या 'साधना' या पुस्तकात श्वास, अंगाची संवेदना आणि कानी पडणारे आवाज यांपासूनच प्रार्थनेची तयारी शिकवली आहे.

वेगळा वेळ काढावा लागत नाही. पुढील सवयी करून पाहाव्यात.

१. सकाळी मोबाइल हाती घेण्यापूर्वी अंथरुणावर बसून दहा श्वास मोजावेत. मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून सुरू करावे.

२. कोयता, गवत कापण्याचे यंत्र किंवा फवारणी पंप उचलण्यापूर्वी दोन्ही पाय घट्ट रोवून तीन श्वास घ्यावेत. पाते, वाऱ्याची दिशा, हातमोजे आणि जवळ कोण आहे, हे पाहावे. स्कूटर सुरू करण्यापूर्वीही तसेच थांबावे.

३. पेजेचे पहिले पाच घोट न बोलता घ्यावेत. तिची ऊब, मीठ आणि लोणच्याची चव जाणवू द्यावी.

४. आंजेलूसची घंटा वाजली की कुदळ खाली ठेवावी. आपल्या वाडवडिलांना दिवसातून तीनदा थांबण्याची सवय याच घंटेने लावली. कारखान्यात घंटा ऐकू येत नसेल, तर पाणी पिताना मिनिटभर स्वस्थ उभे राहावे.

५. संध्याकाळी उंबऱ्यावर चपला काढताना एक दीर्घ श्वास घ्यावा, आणि मगच मुलांना हाक मारावी.

सगळ्या सवयी एकदम लावू नयेत. एकच निवडून पंधरा दिवस पाळावी. मन पळणारच. दुसऱ्याच्या शेतात शिरलेल्या वासराला आपण दावे धरून परत आणतो. झोडपले तर ते अधिकच उधळते. मनाचेही तसेच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर केवळ श्वास मोजत बसू नये. जीव नकोसा झाला तर एक दिवसही थांबू नये. आरोग्य केंद्रात अथवा बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जावे. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. यात लाज कसली? ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना?

आमचे बोट बरे झाले आहे, वण तेवढा राहिला. आता कोयता उचलण्यापूर्वी आम्ही आधी त्या वणाकडे पाहतो. तुम्हांला वणाची वाट पाहायची गरज नाही. उद्या कामाला हात घालण्यापूर्वी तीन श्वास थांबा.