गुलशनाबाद कोठे आहे?

आमचे घराणे चार पिढ्यांपासून हैदराबादेस आहे. आडनाव कुलकर्णी, त्यावरून पूर्वजांचा हुद्दा कळतो, गाव कळत नाही. गावाचा पुरावा म्हणून देव्हाऱ्याखालच्या पेटीत एक जीर्ण मोडी कागद तेवढा होता. ‘मौजे मखमलाबाद, परगणे गुलशनाबाद’ इतकी अक्षरे त्यावरून आजोबांनी लावली होती.

हैदराबादेत राहणाऱ्यास गुलशनाबाद म्हटले, की मेदक आठवावे, हे स्वाभाविकच होते. कुतुबशाहीपासून मेदकला ते नाव होते. आजोबा दोनदा मेदकास जाऊन आले, आसपासच्या खेड्यांतून हिंडले. पण त्यांना मखमलाबाद कोणी दाखविले नाही. पुढे घरात असे ठरूनच गेले, की ते गाव केव्हाच ओस पडले असावे.

आत्याला मात्र हे कधी पटले नाही. देवीच्या टाकाला नैवेद्य दाखविताना ती म्हणे, ‘‘गावच नाही, असे कसे होईल? मला एकदा तेथे जाऊन ओटी भरायची आहे.’’ तिने ऐंशी ओलांडली, तेव्हा मी तो कागद पुन्हा बाहेर काढला व एका मोडी जाणकारांकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घेतला.

जुन्या कागदांत गावाचे नाव एकटे क्वचितच येते. मौजे, तर्फ किंवा परगणा, मग सरकार अथवा प्रांत आणि शेवटी सुभा, अशी ती साखळी असते. आमच्या कागदाची घडी नेमकी सुभ्याच्या नावावर पडली होती. आजोबांना ‘बुनियाद’ एवढेच वाचता आले होते, आणि त्यांनी ते ‘फर्खुंदा बुनियाद’, म्हणजे हैदराबाद, असे धरले. जाणकारांनी भिंग लावून पाहिले. आधीचा शब्द ‘खुजस्ते’ असा निघाला! खुजस्ते बुनियाद म्हणजे औरंगाबाद, हल्लीचे छत्रपती संभाजीनगर. एका शब्दाने आमचे गाव शेकडो मैल सरकले.

औरंगाबाद सुभ्यातही एक गुलशनाबाद होते. ते म्हणजे नाशिक. मोगल अमदानीत नाशिकचे हेच नाव चालत असे, इ. स. १७५१ च्या सुमारास पेशव्यांच्या अमलात नाशिक हे जुने नाव पुन्हा रूढ झाले. आमच्या कागदावरील साल ‘सलास आर्बैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन ११४३. शुहूर वर्ष मृगापासून, जूनच्या आरंभी सुरू होते. त्यात जून ते डिसेंबरपर्यंतच्या तारखांसाठी ५९९ आणि पुढील महिन्यांसाठी ६०० मिळविले, की इसवी सन येतो. तेव्हा कागद १७४२–४३ चा ठरला, नाव पालटण्यापूर्वीचा.

आणखी एका शब्दाने आजोबांना चकविले होते. कागदात शेताची हद्द सांगताना ‘गंगा’ आली आहे. भागीरथी तेथे कोठून यावी, म्हणून त्यांनी तो शब्द लेखकाची चूक समजून सोडून दिला. पण मराठी कागदांत गोदावरीस सरसहा गंगाच म्हणत.

टाकावरील देवीला अठरा हात आहेत, असे आजी सांगत असे. टाक इतका झिजला आहे, की आज ते मोजता येत नाहीत. वणीजवळच्या गडावरील सप्तशृंगी अष्टादशभुजा आहे खरी. पण तिला कुलदेवता मानणारी घराणी दूरदूर पसरलेली आहेत, म्हणून केवळ टाकावरून गाव ठरविणे धाडसाचे झाले असते. कागदानंतर मात्र तीही खूण जुळली.

मखमलाबाद ओस वगैरे काही पडलेले नाही. नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत ते नांदते आहे, आणि तेथे जाणारी बसही मिळते. आत्याने तेथील देवळात ओटी भरली. नंतर आम्ही नदीवर क्षेत्रोपाध्यायांकडे गेलो. यात्रेकरूंची नावे घराण्यानुसार लिहून ठेवणाऱ्या त्यांच्या वह्या कुलवृत्तांत शोधणाऱ्यास फार उपयोगी पडतात. आमच्या नावाचे पान मिळण्यास अर्धा दिवस गेला. पानावर खापरपणजोबांची मोडी सही होती, आणि तिच्यापुढे गाव लिहिले होते, मखमलाबाद.

उपाध्यायांनी नवी नोंद करण्यासाठी लेखणी उचलली व विचारले, ‘‘आजी, गाव कोणते लिहू?’’

‘‘मखमलाबाद,’’ आत्या म्हणाली, आणि जरा थांबून तिने पुस्ती जोडली, ‘‘हल्ली मुक्काम हैदराबाद.’’