शक्यतेची भाषा आणि बालकांचे चित्रपुस्तक

महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमात 'संभाव्यता' हे स्वतंत्र प्रकरण मूल दहावीत पोहोचल्यावर येते. यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश, घटना अशा संज्ञा तेथे प्रथम भेटतात आणि त्यांच्या सोबतीला नाणे, फासे व पत्ते असतात. परंतु 'बाबा आता येतील', 'मनी माळ्यावर असेल' ही वाक्ये तेच मूल त्याआधी दहा-अकरा वर्षे बोलत आलेले असते. गणिताची संज्ञा आणि मुलाची भाषा यांमधल्या या दीर्घ अंतराचा विचार गणिताच्या शिक्षकांनी थोडाफार केला आहे. बालसाहित्याच्या अभ्यासकांनी तो जवळजवळ केलेला नाही. वस्तुतः हा प्रश्न आधी भाषेचा आहे आणि नंतर अंकांचा.

झाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की सात वर्षांखालील मुलाला यदृच्छेने घडलेले आणि कारणाने घडलेले यांतला भेद करता येत नाही. एफ्राइम फिशबाइन यांनी १९७५ मध्ये याला वेगळी दिशा दिली. शाळापूर्व वयातही शक्यतेची सहजजाण असते, मात्र एकच निश्चित उत्तर मागणारे शालेय वळण तिची जोपासना करत नाही, असे त्यांचे म्हणणे. मराठीपुरता विचार केल्यास फिशबाइन यांच्या बाजूने एक पुरावा व्याकरणातच सापडतो. मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे जे अर्थ मानले, त्यांतील विध्यर्थ हा कर्तव्य, योग्यता, इच्छा यांबरोबरच शक्यता आणि तर्कही व्यक्त करतो. 'तो घरी आहे', 'तो घरी असेल' आणि 'तो घरी असावा' या तीन वाक्यांत घर तेच आणि माणूसही तोच आहे. बदलली आहे ती बोलणाऱ्याची खात्री. शिवाय हमखास, बहुतेक, कदाचित, क्वचित, चुकूनमाकून अशी उतरती पायरी भाषेत तयारच आहे. सातारा-सांगलीकडच्या ग्रामीण बोलीत 'असेल'चे 'आसंल' आणि 'येईल'चे 'यील' होते, म्हणून त्यातील तर्काची छटा नाहीशी होत नाही. 'यील बी, न्हाय बी' या उद्गारात तर दोन्ही शक्यता शेजारी मांडलेल्या असतात. फलटणच्या मराठीचा सामाजिक स्तरांनुसार अभ्यास केलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी १९८० च्या दशकात त्याच गावी प्रगत शिक्षण संस्था उभी केली, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. घरची बोली ओलांडून मूल शक्यतेच्या प्रमाण शब्दांपर्यंत एकदम पोहोचत नाही.

चित्रपुस्तकाची अडचण याच ठिकाणी सुरू होते. शब्दाला विध्यर्थ आहे, चित्राला नाही. मांजर माळ्यावर काढले, की ते माळ्यावर आहेच. 'असेल' काढता येत नाही. चित्र नेहमी स्वार्थात बोलते. मग शक्यता राहते कोठे? तर ती पान उलटण्यापूर्वीच्या क्षणात राहते. उजवे पान संपले आहे, पुढचे दिसलेले नाही, आणि मूल म्हणते, 'आता ते पडेल'. पान उलटताच अनेक शक्यतांपैकी एक उरते. चित्रपुस्तकाच्या बांधणीतच संभाव्यतेचा हा प्रयोग दडलेला आहे. मात्र लेखक व चित्रकार यांनी तो जाणीवपूर्वक वापरला पाहिजे.

रेमी चार्लिप यांच्या 'फॉर्च्युनेटली' (१९६४) या प्रसिद्ध पुस्तकात सुदैव रंगीत पानावर आणि दुर्दैव काळ्या-पांढऱ्या पानावर आळीपाळीने येते. पुस्तक गमतीचे आहे; पण तिसऱ्या-चौथ्या पानापासून पुढे काय येणार हे मुलाला हमखास कळते, आणि यदृच्छेच्या जागी एक नेमका क्रम येऊन बसतो. मित्सुमासा अन्नो यांनी गणितज्ञ त्सुयोशी मोरी यांच्यासह केलेले सॉक्रेटीस नावाच्या लांडग्याचे आणि तीन डुकरांचे पुस्तक यापेक्षा पुष्कळ खोल जाते. घरे पाच आणि डुकरे तीन. एका घरात कितीही डुकरे राहू शकतील, तर मांडण्या १२५. प्रत्येक वेगळ्या घरात असेल, तर ६०. आणि कोणते डुक्कर कोठे याच्याशी लांडग्याला कर्तव्य नसेल, तर अवघ्या १०. या मांडण्या चित्रांतून ओळीने उलगडत जातात. एक चित्र शक्यता दाखवू शकत नसले, तरी शेजारी ठेवलेली अनेक चित्रे ती दाखवतात, हे अन्नो यांनी ओळखले होते.

मराठी बालकथेचा मोठा प्रवाह मात्र याच्या उलट वाहत आला. बोधकथेत जे घडते ते पात्राच्या गुणदोषांचे फळ म्हणून घडते. आळशी मुलाची आंब्याची फांदीच नेमकी मोडते. कष्टाळू मुलाची मोडत नाही. फांदी कोणाच्याही पायाखाली मोडू शकते, हा विचार अशा कथेला परवडणारा नसतो. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी हा करार मोडला, हे त्यांचे महत्त्व केवळ चित्रकलेपुरते नाही. 'राधाचं घर' किंवा 'यश' मालिकेतील प्रसंग कोणाला बक्षीस वा शिक्षा देण्यासाठी घडत नाहीत. त्यांच्या 'चित्रवाचन'मध्ये तर गजबजलेले दृश्य समोर ठेवून 'असेल' हा शब्द मुलाच्याच तोंडी येऊ दिलेला आहे.

सातारा-सांगलीच्या भूमीत हा भेद केवळ वाङ्मयीन राहत नाही. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. जुलैतल्या एखाद्या दिवशी 'बहुतेक पाऊस येईल' हे वाक्य पहिल्या ठिकाणी अगदीच सावध ठरेल, तर दुसऱ्या ठिकाणी ते धाडसाचे होईल. एकच चित्र (काळे ढग, छत्री घेतलेली मुलगी) दोन्हीकडच्या वर्गांत दाखवले, तर दोन वेगळी उत्तरे येतील, आणि दोन्ही बरोबर असतील. कृष्णेच्या खालच्या अंगाला सांगलीत आयर्विन पुलावरील पाण्याची मोजपट्टी हे तर आयते चित्रपुस्तकच आहे : ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २००५ मध्ये महापूर आला, त्यानंतर २०१९ मध्ये. 'आता पुष्कळ वर्षे येणार नाही' असे मानण्याचा मोह तेव्हा कोणालाही झाला असता. पण २०२१ च्या जुलैत पाण्याने धोक्याची रेषा पुन्हा ओलांडली. एकदा पूर येऊन गेला म्हणून पुढचा लांबत नाही. आणि ज्याचे घर बुडाले त्याच्या हातून काही चुकले होते, असेही नव्हे. बोधकथेवर वाढलेल्या मुलाला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड जाते. पुराचे चित्रपुस्तक लिहिणाऱ्याने म्हणूनच कोणाचे घर कोरडे ठेवायचे, याचा निर्णय फार सांभाळून घ्यावा लागेल.

नाणे आणि फासा यांना पर्यायही घरातच आहे. चल्लस-आठ या खेळात चार कवड्या किंवा फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार फाका टाकतात. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरे. चारही पालथ्या पडल्या तर आठ. प्रत्येक फाक दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असे धरले, तर १६ प्रकारांपैकी दोन पांढऱ्यांचे सहा, एकीचे चार, तिहींचे चार, आणि चार व आठ यांचा प्रत्येकी एकच. दुर्मीळ दानांनाच खेळाने मोठे मोल दिले आहे. खेळ रचणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असणार. पण फाक सारखी नसते, कवडी तर नाहीच. तिची एक बाजू फुगीर, दुसरी चपटी. तेव्हा तिच्याविषयी आधी काही न सांगता ती पन्नास वेळा टाकून पाहावी लागते. अशा पुस्तकात डावीकडे कवडीचे चित्र आणि उजवीकडे फक्त रेघा ओढायला कोरे पान पुरेल. वाईच्या मुलाच्या पानावर उताण्या कवडीच्या एकोणीस रेघा येतील आणि मिरजेच्या मुलीच्या पानावर तेवीस. दोन्ही पाने शेजारी ठेवली, की 'खरे कोणाचे?' हा प्रश्न वर्गातून येणारच, आणि त्या वेळी शिक्षकाने आणखी एक कोरे पान पुढे करावे.