नानांचा पांढरा अंगरखा

संपादकांनी डोंबिवलीला पाठवलं ते हौशी चित्रकारांवर काहीतरी लिहायला. मी मात्र अख्खा रविवार एका निवृत्त मोटरमनच्या मागे उभं राहून घालवला.

पूर्वेकडच्या एका जुन्या चाळीतली पहिल्या मजल्यावरची खोली. सात ईझल, सातही कॅनव्हासवर एकच माणूस: नाना फडणवीस. इथे वर्ग घेणारे सर तैलरंगातलं व्यक्तिचित्र नकलेतूनच शिकवतात. समोर माणूस बसवला की शिकणारा साम्याच्या मागे धावतो. नकलेत साम्य चौकोन पाडून आयतं मिळतं, मग लक्ष रंगाकडे जातं, असं त्यांचं म्हणणं.

मूळ चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचं. १७९१ मध्ये तो मुंबईत आला, ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटमुळे पेशव्यांच्या पुणे दरबारी पोचला आणि १७९२ मध्ये त्याने सवाई माधवराव व नानांना एकाच कॅनव्हासवर बसवलं. चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. वेल्स मात्र इथलाच झाला: साष्टी बेटावरच्या लेण्यांची चित्रं काढत असताना १७९५ मध्ये तो तापाने गेला. ठाणंही याच साष्टीत येतं. पुढे त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पेशव्यांचा १७९०चा दरबार रंगवला. त्या दरबाराच्या वेळी खुद्द वेल्सही हिंदुस्थानात नव्हता! तेव्हा नकलेला नाक मुरडायचं कारण नाही.

मी ज्यांच्या मागे उभा होतो त्या मोटरमन काकांनी जन्मभर लांबून सिग्नलचा लाल-हिरवा ओळखला. आता अडलेत ते पांढऱ्यापाशी. खालचा थर अंबर या तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला, तो सुकलाय. वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर काही वर्षांत रंग तडकतो. काकांनी अंगरख्यासाठी पांढऱ्याची ट्यूब पिळली.

"अहो काका, थांबा. डोळे बारीक करा. पांढरं कुठंय?"

काका बराच वेळ बघत राहिले. "नाहीच की हो सर. राखाडी आहे. काखेत जरा हिरवट."

मग तासभर त्यांनी राखाडीच कालवला. ट्यूबमधला शुद्ध पांढरा लागला एकाच जागी, खांद्यावरच्या घडीला, तांदळाच्या दाण्याएवढा. तो लागला आणि कापड उजळलं. मी मान पुढे काढून पाहत होतो, हे सर हसल्यावर कळलं.

पण अडचणी आहेत, आणि त्या सरांनाही सुटलेल्या नाहीत. भिंतीवर याच चित्राच्या तीन छापील प्रती आहेत; एकीत नाना पिवळे, दुसरीत गुलाबी, तिसरीत आजारी. खरा कोण, ते लंडनला जाऊन पाहावं लागेल. वेल्सच्या काळचा पांढरा शिशाचा, उबदार, थोडा आरपार. आजचा टायटॅनियमचा थंड आणि झाकून टाकणारा. शिसं विषारी, म्हणून सर तो वर्गात आणत नाहीत. पावसाळ्यात जवसाचं तेल सुकता सुकत नाही, कॅनव्हासला मागून बुरशी धरते. टर्पेंटाइनच्या वासावरून शेजारी कुरकुरतात ते वेगळंच. आणि सगळ्यात मोठी उणीव: रंगाचा थर कुठे जाड, कुठे पुसट, हे छापील कागद सांगतच नाही. सातांपैकी पाच जणांनी जुनं तैलचित्र प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. डोंबिवलीहून लोकलने सव्वा तास. जाल तेव्हा चित्रासमोर उभे राहू नका. बाजूला सरका आणि तिरप्या उजेडात पाहा.